उजवीकडचं पाणी

वडील जाऊन नऊ आठवडे झाले होते, तरी त्यांचा फोन ती रोज चार्ज करत असे. हे तिनं कोणाला सांगितलेलं नव्हतं, आणि कोणी विचारलं असतं तर तिला कारणही देता आलं नसतं. ऑफिसात तिच्या टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या डायऱ्यांवर, तो उताणा पडून असायचा. लिफ्टच्या कंपनीत तक्रारींच्या टेबलावर ती अठरा वर्षं होती. लिफ्ट अडकली की आतला माणूस बटण दाबतो आणि फोन तिच्याकडे लागतो. मेकॅनिक पोचेपर्यंत त्याला बोलतं ठेवायचं, एवढंच काम. अडकलेला माणूस पहिली दोन मिनिटं सभ्य असतो. तिसऱ्या मिनिटाला तो कंपनीचा उद्धार करतो आणि पाचव्याला तिचा. त्या गुरुवारी दुपारी सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये लटकलेला एक गृहस्थ पाचव्या मिनिटात शिरत असताना खणातला फोन थरथरला. तिनं खण गुडघ्यानं उघडला. पडद्यावर अक्षरं होती : रविवार, सकाळी सहा. डावी खुर्ची बाई. उजवी खुर्ची काका. वेळेवर या. 'अहो, तुम्ही मेलात की काय तिकडे?' लिफ्टमधला गृहस्थ ओरडला. 'नाही,' ती म्हणाली, 'मी आहे. माणूस निघालाय.' दहा मिनिटांनी दुसरा निरोप आला : क्षमस्व, जुनी यादी गेली. आणि त्यापाठोपाठ तिसरा : काकांच्या घरचं कोणी हा फोन बघत असेल तर कृपया बोलावं, काम आहे.

काका म्हणजे तिचे वडील. निवृत्तीनंतरची अकरा वर्षं ते दर रविवारी एका बोटीवर जाऊन बसत आणि देवमासे, डॉल्फिन मोजत. पगार नाही, मानधन नाही, बोटीवर चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला. अशी दहा-बारा हौशी माणसं होती, आणि त्यांचा एक प्रमुख होता. तो पगारी होता. वडील त्याला 'शून्यमास्तर' म्हणत, कारण काही दिसलं नाही तरी शून्य लिहायचंच, रकाना मोकळा सोडायचा नाही, हे तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी तीनदा सांगे. तिनं त्याला फोन लावला तो या शून्यमास्तरावर तोंडसुख घेण्यासाठीच.

'यादी आपोआप जाते हो ताई. नाव काढायचं राहून गेलं.'

'नऊ आठवडे राहून गेलं?'

'चुकलंच. पण बरं झालं तुम्ही बोललात. तुमच्याकडे कामच होतं.' मग आवाज खाली आणून त्यानं सांगितलं ते असं. तो घरी भेटायला आला असताना दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, बोलता बोलता म्हणाला होता की शेवटच्या दुखण्यात डोक्याचा फोटो काढला तेव्हा एक जुना झटका सापडला. त्यात वडिलांची उजव्या बाजूची नजर गेलेली होती. दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू. दादाला त्यात बोलण्यासारखं एवढंच वाटलं होतं की बघा, म्हाताऱ्यानं कधी सांगितलं नाही. प्रमुख मात्र घरी गेला तो थेट जुन्या नोंदी काढून बसला. उजव्या खुर्चीवर काका. उजवीकडच्या पाण्यात शून्य, शून्य, शून्य. 'आणि ताई, त्या शून्यांवर निर्णय झालाय. मोठ्या जहाजांचा रस्ता आखायचा होता, बंदर खात्यानं आमच्या नोंदी मागवल्या. उजवीकडचं पाणी रिकामं, म्हणून रस्ता तिकडून नेला. फेब्रुवारीत देवमाशाची एक मादी किनाऱ्याला लागली. पाठ जहाजाच्या पंख्यानं कापलेली. पावाच्या कापांसारखी, खरं सांगतो. मला एक तारीख द्या. काकांना उजवीकडचं दिसत नव्हतं असा एखादा पक्का दिवस. त्या दिवसानंतरची शून्यं मी काढून टाकतो, रकाने कोरे करतो. शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हतं. कोरं म्हणजे कोणी बघितलंच नाही. कोरं दाखवलं की खात्याला रस्त्याचा फेरविचार करावाच लागेल.'

'डॉक्टरांना विचारा.'

'विचारलं. ते म्हणतात तीन वर्षं, चारही असतील, दोनही असतील. अंदाज चालत नाही. घरच्या माणसाची लेखी साक्ष चालते.'

दिवस तिला माहीत होता. तारखेसकट, जवळजवळ तासासकट माहीत होता. 'मला नाही काही आठवत,' ती म्हणाली. आणि मग चोराच्या मनात चांदणं तसं, फोन ठेवता ठेवता, न विचारताच म्हणाली, 'मी रविवारी येते बोटीवर. माणूस कमी आहे ना तुमच्याकडे?'

संध्याकाळी दादाचा फोन आला. प्रमुखानं त्यालाही गाठलं होतं. 'गेलेल्या माणसाची कसली चौकशी करतायत? सांग, आम्हाला माहीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पेपरात मोठा फोटो आला होता बाबांचा, आता त्याच पेपरात आंधळा मोजणीदार म्हणून छापून येईल. ऐकतेयस ना?' ती ऐकत होती. भाजी चिरत होती आणि ऐकत होती, आणि दादाच्या आवाजात वडिलांचा आवाज कुठं कुठं लपलाय हे मोजत होती. 'हुं'मध्ये होता. वाक्य संपल्यावर नाकातून सोडलेल्या श्वासात होता. तिला त्या श्वासाचा लहानपणापासून राग होता. शाळेचं प्रगतिपुस्तक पुढं केलं की तो श्वास यायचा, आणि मग सही.

भेटायला येणाऱ्यांनी त्या नऊ आठवड्यांत तिला वडिलांबद्दल इतकं सांगितलं होतं की ते कोणा तिऱ्हाइताबद्दल बोलतायत असं वाटावं. काय ती नजर! काय तो उत्साह! शंभर डॉल्फिनांतून एक ओळखायचे, पाठीवरचा पर बघून! मेल्या म्हशीला मणभर दूध, असं मनात म्हणून ती पाण्याचे पेले पुढं करत राहिली. पण खोटं त्यात काही नव्हतं. पाठीवरच्या पराला कुठं खाच आहे, कुठं टोक तुटलंय, यावरून वडील डॉल्फिन ओळखत हे खरंच होतं. त्यांना नावंही ठेवलेली होती : कात्री, करवत, शाळामास्तर, दोन गाठींची. करवतीला पिल्लू झालं तेव्हा त्यांनी घरी बिस्किटं आणली होती. आणि ती कुठल्या कंपनीत काय करते हे त्यांना दर वेळी नव्यानं सांगावं लागे. 'लिफ्ट दुरुस्त करतेस?' 'नाही बाबा, फोनवर असते.' 'हां हां.' तिनं केस कापले ते सहा महिन्यांनी कळलं, तेही आईनं सांगितल्यावर. आई गेली तेव्हा ते घरातच होते, पण शेजारच्या खोलीत, दुर्बिणीच्या काचा पुसत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो दिव्याला मुद्दाम पाडता येत असेल का, असा विचार तिनं त्या दिवशी केला होता, आणि त्याची लाजही वाटली नव्हती.

रविवारी धक्क्यावर धुकं नव्हतं. असतं तर बोट निघाली नसती, आणि तिनं तशी आशा केली होती. प्रमुख तिच्याहून लहान होता, पस्तिशीचा, उन्हानं सोललेल्या नाकाचा. बोटवाला दोर सोडत होता आणि कोणाकडेच बघत नव्हता. बाई आधीच आपल्या डाव्या खुर्चीवर बसलेल्या होत्या, मांडीवर थर्मास, डोक्याला रुमाल. निवृत्त शिक्षिका, वर्गात बसल्या जागेवरून खडू फेकून मारत असणार अशा. वडिलांच्या शेजारी त्यांनी आठ वर्षं काढली होती. म्हणजे आईनंतर वडिलांच्या शेजारी सर्वांत जास्त वेळ त्याच बसल्या होत्या.

'ये,' बाई म्हणाल्या. 'त्यांच्याच खुर्चीवर बस. तुला बसवायची यांना भारी हौस.'

'हौस नाही बाई, माणूस नाही,' प्रमुख मागून म्हणाला. छपराखाली त्याचं छोटं टेबल होतं, त्यावर नोंदींचे कागद चिमट्यात अडकवलेले. त्यानं तिला नियम सांगितले. बोटीच्या नाकापासून उजव्या काटकोनापर्यंतचं पाणी तिचं, डावीकडचं बाईंचं. नजर सावकाश फिरवत न्यायची, परत आणायची. काही हललं, चमकलं, फवारा उडाला, पक्षी गोळा झाले, की आधी ओरडायचं, खात्री मागाहून. 'शंका आली म्हणून गप्प बसायचं नाही. शंकेला आमच्याकडे वेगळा रकाना आहे.' जातानाच निरीक्षण. येताना ऊन डोळ्यांवर येतं म्हणून काही नोंदत नाहीत. आणि दर अर्ध्या तासानं दोघांनी खुर्च्या बदलायच्या. हे सांगून तो क्षणभर थांबला.

'सांगा ना,' बाई समोर बघतच म्हणाल्या, 'बदलत नव्हतो ते सांगा. माझी मान उजवीकडे वळत नाही गं. मणका. काका म्हणाले, तुम्ही डावीकडेच बसा, मी बघतो उजवीकडचं. कागदावर बदलल्या म्हणून लिहायचो. हे मास्तर मागेच बसलेले असत. त्यांना दिसत नव्हतं? त्यांची तर दोन्ही बाजूंची नजर शाबूत आहे.'

'बाई, मला माणसं टिकवायची होती.'

'मग आता टिकवा. मेलेलीसुद्धा टिकवा.'

बोट निघाली. किनारा मागं सरला, इमारती एकमेकींत मिसळल्या, आणि समोर फक्त पाणी राहिलं. राखाडी, बारीक सुरकुत्यांचं, कुठंही न सुरू होणारं. ती बघू लागली. नाकापासून उजवीकडे, उजवीकडून नाकापाशी. पाच मिनिटांत तिच्या लक्षात आलं की पाण्याकडे बघणं ही फार वैतागवाणी गोष्ट आहे, त्यात डोळ्यांना धरायला काही नसतं, आणि डोळे मग आतलं काहीतरी धरून बसतात. इंजिनाची घरघर खुर्चीतून पाठीच्या मणक्यात चढत होती. लाटेची कड काळी दिसे, पाठीसारखी, आणि पुढच्या क्षणी लाटच असे. तीनदा तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. माणूस अकरा वर्षं हे करतो म्हणजे त्याला दुसरीकडे कुठं तरी बघायचं नसतं, असं तिला वाटलं. आणि लगेच वाटलं, की हा आपला जुनाच हिशोबी कडवटपणा आहे, आणि तो आता कोणाच्याही उपयोगाचा नाही.

'तारीख बिरीख काही देऊ नकोस,' बाई मान न वळवता, हळू आवाजात म्हणाल्या. 'खालच्या मानेनं सांगते हवं तर. चार वर्षांची मेहनत आहे. माझीसुद्धा. उजवीकडचं कोरं केलं की खात्याचे लोक म्हणणार, डावीकडचं तरी कशावरून? सगळंच टाका. मग मी इतके रविवार इथं काय केलं? ऊन खाल्लं?'

'आणि ती मादी?'

'एक मादी. समुद्रात काय एकच आहे?' मग जरा वेळानं, स्वतःशीच बोलावं तसं, 'मीही गेले होते बघायला तिला. नसते गेले तर बरं झालं असतं.'

बाईंचा हाच अर्धा चेहरा, रुमालाखालून दिसणारा, तिनं पूर्वी एकदा पाहिलेला होता. चार वर्षांपूर्वी, याच बोटीवर, अकरा नोव्हेंबरला. नऊला, शुक्रवारी, तिच्या घटस्फोटाचा निकाल लागला होता. कोर्टाच्या कागदावरची तारीख माणूस विसरत नाही. शनिवारी ती वडिलांकडे येऊन झोपून राहिली. रविवारी पहाटे त्यांनी दारावर टकटक केली. 'चल बोटीवर. हवापालट होईल.' त्यांनी आजवर तिला कधी नेलं नव्हतं. ती उठली, आणि खोटं कशाला, तिला बरं वाटलं होतं. बोटीवर त्यांनी खुर्चीच्या उजव्या बाजूला तिच्यासाठी एक स्टूल टाकलं. थर्मासच्या झाकणात चहा दिला. दूरवरच्या पाण्याकडे बोट करून ते तिला कायबाय सांगत होते, आणि तिला वाटत होतं की हे आता विचारतील. कशी आहेस, एवढं तरी विचारतील. अर्धा तास झाला. मग बाई पलीकडून म्हणाल्या, 'मुलीला आवडतंय का काका?' आणि वडील हसले. नाकातून श्वास सोडला आणि म्हणाले, 'हिचं लक्ष कशात लागत नाही हो. संसारातसुद्धा लागलं नाही.' आणि बाई हसल्या. वाईट नव्हत्या हसल्या. पाहुण्याघरी हसतात तशा हसल्या, समोरच्यानं विनोद केलाय म्हणून.

चहा तिच्या हातात होता. तो तिनं पिऊन टाकला, चटका बसला तरी, कारण फेकला असता तर दिसलं असतं. कानशिलं तापली होती. आता रडू आलं तर समुद्रात उडी मारावी लागेल असं वाटून तिनं मान पूर्ण उजवीकडे फिरवली आणि डोळे पाण्यावर रोवले. आणि तिथं तो होता. आधी फवारा; आधी ती त्याला धूरच समजली. मग पाठ. काळी, ओली, संथपणे फिरणाऱ्या मोठ्या चाकाची कड दिसावी तशी ती पाण्यातून आली आणि जात राहिली, जात राहिली, संपेना. अंतर फार नव्हतं. तिनं वडिलांकडे पाहिलं. ते सरळ समोर बघत होते. त्यांची मान सावकाश उजवीकडे आली, नजर तिच्या चेहऱ्यापर्यंत पोचली, आणि तिथून परत गेली. पुन्हा फवारा. पुन्हा पाठ. बाई डावीकडे बघत होत्या, प्रमुख मागं टेबलावर मान घालून लिहीत होता, बोटवाला इंजिनावर वाकला होता, आणि बोटीवरच्या पाच माणसांत देवमासा फक्त तिला दिसत होता. आधी ओरडायचं, हे तेव्हा तिला कोणी सांगितलेलं नव्हतं; पण ते कोणाला सांगावं लागतं? तिच्या तोंडात शब्द तयार होता. बाबा, तो बघा. तो तिनं तिथंच धरून ठेवला. आणि त्या क्षणी तिला जे वाटलं ते दुःख नव्हतं, तो आनंद होता. स्वच्छ, थंड, काठोकाठ आनंद. बघा, बघा ना, नजर आहे ना तुमची? सात काय, पन्नास वर्षं बसा. चौथा फवारा. पाचवा. मग शेपूट एकदा पूर्ण वर आलं, पाणी गाळत उभं राहिलं आणि गेलं. थोड्या वेळानं प्रमुखानं विचारलं, 'उजवीकडे?' आणि वडील म्हणाले, 'शून्य.' ठामपणे म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. हे मागाहून कळलं, चार वर्षांनी, हॉस्पिटलच्या जिन्यापाशी, डॉक्टरांनी समजावलं तेव्हा. त्या माणसाला तिथं अंधार दिसत नाही हो. काळा डाग वगैरे काही नाही. मेंदू तेवढं जगच वगळतो. त्याला वाटतं, तिथं काही नाहीच. आणि मग निघता निघता, चष्मा पुसत, वाईट वाटू नये अशा बेतानं : तेव्हाच कोणाच्या लक्षात आलं असतं तर औषधं सुरू करता आली असती. दुसरा झटका पुष्कळदा टळतो.

दादानं तेव्हा विचारलं होतं, 'पण लक्षात येणार कसं?' आणि ती जिन्याचा कठडा धरून उभी होती. चार वर्षं हा देवमासा तिनं जिंकलेली वस्तू जपावी तसा जपला होता. वडिलांनी जेवताना पाण्याचा पेला उजव्या कोपरानं पाडला की तो वर यायचा. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा घासला की वर यायचा. ती त्यांच्या उजवीकडे बसलेली असताना ते म्हणत, 'अगं, आलीस कधी?' आणि ती मनात म्हणे, मी इथंच आहे, आणि तुम्हाला काय दिसतं ते मला माहीत आहे. एवढी चिन्हं होती. लिफ्टमधल्या परक्या माणसाच्या श्वासावरून त्याला दमा आहे हे ओळखणारी ती. तिला ही चिन्हं दिसली नव्हती असं म्हणता येत नाही. तिनं ती सगळी बघितली होती आणि आपल्या रागाच्या खात्यावर जमा केली होती.

'उजवीकडे?' मागून प्रमुखानं विचारलं.

ती दचकली. अर्धा तास झाला होता. समोर पाणी होतं, आणि त्यातलं तिनं शेवटचं कधी बघितलं हे तिला सांगता आलं नसतं. बाईंनी पलीकडून 'डावीकडे शून्य' म्हणून टाकलं होतं.

'मला माहीत नाही,' ती म्हणाली.

'म्हणजे? काही वाटलं का?'

'नाही. मी बघत नव्हते. डोळे तिकडे होते फक्त.'

'झालं!' बाई म्हणाल्या. 'असं म्हणायला लागलो तर सगळ्यांचेच कागद कोरे राहतील, बाई गं. प्रत्येकाच्या मनात काहीतरी चालू असतंच. शून्य सांग आणि मोकळी हो.'

'लिहा कोरं,' ती प्रमुखाला म्हणाली. तिचा आवाज लिफ्टमधल्या माणसांशी बोलायचा होता, सपाट आणि स्पष्ट. 'आणि तुमची तारीख लिहा. अकरा नोव्हेंबर. चार वर्षांपूर्वीची. रविवार.'

प्रमुख टेबलामागून उठून पुढं आला. 'पक्की?'

'पक्की. मी होते बोटीवर. त्यांच्या उजव्या हाताला, स्टुलावर. उजवीकडे देवमासा वर आला होता. त्यांनी मान वळवून तिकडे बघितलं आणि त्यांना दिसला नाही.'

'तुम्हाला कसं कळलं की वर आला होता?'

'मला दिसला.'

तिनं हे म्हटलं आणि पुढचा प्रश्न यायला किती वेळ लागतो हे ती बघत राहिली. तो प्रमुखाकडून आला नाही. बाईंनी मांडीवरचा थर्मास खाली ठेवला, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले, आणि मान वळत नव्हती म्हणून कमरेपासून सगळ्या अंगानं तिच्याकडे वळल्या. आठ वर्षांत बहुधा पहिल्यांदाच त्या उजवीकडे बघत होत्या. 'आणि तुम्ही काय केलंत?' बाई म्हणाल्या. सकाळपासूनचं 'तू' गेलं होतं.

'काही नाही. गप्प बसले.'

'का?'

का, हे सांगायचं तर बाईंना त्यांचं हसणं सांगावं लागलं असतं, आणि त्यांना ते आठवलंही नसतं. सांगितलं असतं तर त्या दोघींत ते वाटून तरी घेता आलं असतं. थोडं बाईंकडे, थोडं मेलेल्या माणसाकडे, मग तिच्या वाट्याला हलकं आलं असतं. शब्द अगदी ओठांवर होते. 'रागावले होते,' ती म्हणाली.

'रागावला होतात.' बाईंनी तो शब्द वहीतली चूक वाचून दाखवावी तसा वाचला. 'अहो, तेव्हा ओरडला असतात तर त्याच आठवड्यात मी त्यांना हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. शपथेवर सांगते. ते आज इथं बसलेले असते.'

'हो,' ती म्हणाली.

बाईंना 'हो' नको होतं. कारण हवं होतं, रडणं हवं होतं, निदान उलट उत्तर तरी. ते काहीच न मिळाल्यावर त्यांचा चेहरा म्हातारा झाला. 'दुष्ट आहात तुम्ही,' त्या म्हणाल्या, आणि पुन्हा सगळ्या अंगानं डावीकडे वळल्या.

प्रमुख टेबलाशी गेला होता. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात चिमट्याची पाटी होती, तिच्यावर एक कोरा कागद, आणि पेन. तिला वाटलं साक्षीचा असेल. तो नेहमीचाच नोंदीचा कागद होता. 'उशीर झाला तरी दिसलेलं लिहावं लागतं,' तो म्हणाला. त्याचा आवाज खडखडीत होता, आणि तिच्याकडे बघायचं तो टाळत होता. 'चार वर्षांत उजवीकडच्या पाण्यातली ही एकच नोंद होईल. तारीख, वेळ, दिशा, अंतर. जे आठवतं ते. नाही आठवत ते सोडून द्या. अंदाजानं भरू नका.'

तिनं पाटी मांडीवर घेतली. वारा कागदाचं टोक उचलत होता, ते तिनं डाव्या हातानं दाबून धरलं. तारीख लिहिली. वेळ : साडेसातच्या सुमारास. दिशा : उजवीकडे, काटकोनाच्या जरा अलीकडे. संख्या : एक. फवारे : पाच. ते लिहिताना तिला कुठंच अडायला झालं नाही. सगळं होतं, एकही थेंब न सांडता. समुद्र कसा होता ते होतं, उजेड कसा होता ते होतं. खात्री : नक्की, बहुधा, शंका; तिनं 'नक्की'वर खूण केली. निरीक्षकाचं नाव. तिथं तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं, मधल्या जागी वडिलांचं, जसं कोर्टाच्या कागदावर त्या शुक्रवारी परत आलं होतं तसं.

'किती वेळ दिसत होता?' प्रमुखानं वरून विचारलं. 'तो रकाना राहिलाय.'

'चार मिनिटं.'

'चार? दिसतो तो दहा-वीस सेकंद, ताई. तेवढ्यात लोकांना युगं लोटल्यासारखी वाटतात. नीट आठवा.'

तिनं नीट आठवलं. डावीकडे बाईंची पाठ होती, ताठ, न हलणारी, आणि ती ऐकत होती.

'पहिल्या फवाऱ्यापासून शेपूट जाईपर्यंत,' ती म्हणाली. 'माझ्या हातावर घड्याळ होतं. ते किती वेळ बघू शकत नाहीत, हे मी मोजत होते.'

आणि तिनं रकान्यात आकडा लिहिला.